भिंतीवर काढलेली हत्यारं

हरेश्वर चुरींनी मागच्या खोलीचं कुलूप उघडायचं ठरवलं ते हौसेनं नव्हे, भीतीनं. हौस बायकोबरोबर, मंदाबरोबर गेली होती. भीती तेजलच्या फोनमधून आली.

तेजल ही त्यांची मुलगी, बडोद्याला असते. ती म्हणाली, "बाबा, मी या रविवारी येतेय. आईला जाऊन दोन वर्षं झाली. ती मागची खोली अजून तशीच उकिरड्यासारखी असेल ना, तर मी तुम्हाला बरोबर घेऊन जाणार. एकट्या माणसाचं कसं चाललंय ते अशा खोलीवरूनच कळतं."

बडोद्याचं घर अकराव्या मजल्यावर होतं. स्वच्छ होतं, जावई सज्जन होता, बाल्कनीला कबुतरांसाठी जाळी लावलेली होती. मागच्या खेपेस चुरी तिथे पंधरवडाभर राहिले होते, आणि जाळीच्या नेमक्या कोणत्या बाजूला कबुतरं आहेत याबद्दल त्यांच्या मनात शेवटपर्यंत शंका राहिली होती. पालघरचं हे तळमजल्याचं घर काही फार चांगलं होतं असं नाही. पण इथे निदान त्यांना कुणी "बाबा, जेवलात का?" असं दर तासाला विचारत नव्हतं. कधीकधी तर दिवसभर कुणीच काही विचारत नसे, पण तो भाग वेगळा.

मागची खोली म्हणजे चुरींची सुतारकामाची खोली. चुरी मूळचे ग्रंथपाल. सुतारकामाकडेही ते पुस्तकांतूनच आले. आधी लाकडावर मिळेल ते सगळं वाचलं, मग बऱ्याच वर्षांनी लाकडाला हात लावला. त्यांनी केलेलं स्टूल, त्यांनी केलेलं फडताळ, त्यांनी केलेला पाट, या सगळ्या वस्तूंमध्ये एक गुण समान होता: त्या डुगडुगत. मंदा काही बोलत नसे. ती कागदाची घडी करून पायाखाली सारत असे. त्या घरात टीका व्हायची ती एवढीच, कागदाच्या आवाजात. ती गेल्यावर चुरींनी खोलीला कुलूप लावलं आणि ज्या वस्तूचं काय करावं ते कळेना, ती दार किलकिलं करून आत ढकलत गेले. मंदाचा चालायचा वॉकर आत गेला, मिक्सर आत गेला, औषधांचे खोके आत गेले.

आता रविवारपर्यंत तिथे माणूस राहतो असं दिसायला हवं होतं.

चुरी खोली आवरताहेत ही बातमी सोसायटीत दुपारपर्यंत पसरली. पहिले आले ते सेक्रेटरी हितेशभाई, दुसऱ्या मजल्यावरचे. त्यांचं स्टेशनजवळ प्लास्टिकच्या वस्तूंचं दुकान आहे, त्यामुळे माणसाच्या कोणत्याही अडचणीवर त्यांचा उपाय झाकणासकट असतो. "काका, डबे घ्या," ते म्हणाले. "पारदर्शक. आतलं बाहेरून दिसतं. टेन्शन नाय." पाठोपाठ पहिल्या मजल्यावरची हिमानी आली. ही मुलगी घरून कॉम्प्युटरचं काम करते आणि मधल्या वेळात लोकांचं आयुष्य सुधारते. "काका, एकदम मोठं काही करू नका. छोटी छोटी कामं घ्या," असं सांगून तिने मोबाइलवर एक गोरा माणूस दाखवला. त्याने भिंतीवर फळी ठोकली होती, फळीवर प्रत्येक हत्याराचा आकार रंगवला होता आणि त्या आकारावर ते ते हत्यार टांगलं होतं. "जागा रिकामी दिसली की लगेच कळतं काय गेलंय," हिमानी म्हणाली.

चुरींना तो माणूस आवडला नाही. तो फार हसत होता. पण कल्पना पटली.

पहिलं छोटं काम म्हणून त्यांनी खिळे आणि स्क्रू निवडायला घेतले. इतर कुणी लांबीनुसार निवडले असते आणि तासाभरात उठला असता. चुरींनी आयुष्यभर पुस्तकांचं वर्गीकरण केलेलं, त्यामुळे त्यांना प्रश्न पडू लागले. वाकडा खिळा हा खिळा की भंगार? पितळी बिजागरीचा स्क्रू पितळेत जावा की बिजागरीत? त्यांनी बरण्यांना चिठ्ठ्या लावल्या, काढल्या, पुन्हा लावल्या. शंका आली की ती वस्तू 'संकीर्ण' अशी चिठ्ठी लावलेल्या बरणीत टाकायची असं ठरलं. संध्याकाळी पाहतात तर सगळं 'संकीर्ण'मध्येच होतं. चिठ्ठ्यांच्या भानगडीत बोटांना डिंक लागला तो धुऊनही गेला नाही.

दुसऱ्या दिवशी फळी ठोकून झाली. तीही थोडी तिरकी बसली, पण मान तिरकी केली की सरळ दिसे. राहिले आकार. चुरींचा हात अलीकडे कापतो. करवत फळीवर धरून भोवती खडू फिरवायचा म्हणजे करवतीचा सुरवंट होणार. तेव्हा त्यांच्या डोक्यात नवसीचा विचार आला, आणि पुढचं सगळं तिथून घडलं.

नवसी मासवणकडून धुण्याभांड्याला येते. मंदा असल्यापासून येते. चुरींनी आदिवासी भित्तिचित्रांवर दोन जाडजूड पुस्तकं वाचली होती, तळटीपांसकट. मासवणकडची बाई, डोंगरातली, म्हणजे भिंतीवर चित्र काढणं तिच्या हातातच असणार, असा त्यांनी मनाशी निष्कर्ष काढला. पण इतक्या वर्षांत तिला चहा घेतेस का याखेरीज काही विचारलेलं नाही, आता एकदम कलेबद्दल कसं विचारायचं? संकोच वाटला. म्हणून चपला घालताघालता, पाठमोरे राहूनच ते म्हणाले, "नवसी, आज ती सगळी हत्यारं भिंतीवर काढून ठेव."

"सगळी?" नवसीने विचारलं.

"सगळी. अंतर ठेवून नीट काढ."

"मावतील काय?"

"मावतील. मोठी आधी काढ."

"बरा," नवसी म्हणाली.

एवढं नाजूक बोलणं इतक्या सहज पार पडलं याचं समाधान मानत चुरी बँकेत गेले. हयातीचा दाखला द्यायचा होता. पेन्शन घेणाऱ्याने वर्षातून एकदा आपण जिवंत आहोत हे यंत्रावर अंगठा ठेवून सिद्ध करायचं असतं. अंगठ्यावर डिंकाचा थर होता. यंत्राने तीनदा नकार दिला.

"काका, मॅच होत नाहीये," काउंटरवरची मुलगी म्हणाली.

"पण मी इथे उभा आहे," चुरी म्हणाले. म्हणतानाच त्यांना हा पुरावा फारसा भक्कम वाटला नाही.

"मला दिसताय हो. सिस्टीमला दिसत नाही. सोमवारी या."

तेव्हा सरकारदरबारी हयात नसलेल्या अवस्थेत चुरी घरी परतले. मागची खोली झाडून, पुसून लख्ख झाली होती; मंदाचं सामान पुढच्या खोलीत एका बाजूला रचलं होतं. दोन वर्षांनी फरशीचा रंग दिसला. फळीवर मात्र काही नव्हतं. चित्रं नव्हती, आणि चित्रं ज्यांची काढायची ती हत्यारंही नव्हती.

"नवसी," ते हळूच म्हणाले, "हत्यारं कुठे काढलीस?"

"भिंतीवर. तुमीच सांगला ना."

"कुठल्या भिंतीवर?"

"ती काय, मागची." नवसीने खिडकीतून बोट दाखवलं.

इथे त्या मागच्या भिंतीबद्दल सांगायला हवं. सोसायटीच्या कंपाउंडची ती कमरेएवढी भिंत. घरात नको झालेली वस्तू तिच्यावर नेऊन ठेवायची, ज्याला हवी त्याने न विचारता उचलायची, उरलंसुरलं भंगारवाल्याचं, ही रीत सोसायटी झाली तेव्हापासूनची. देणाऱ्याला देताना कानकोंडं व्हायला नको, घेणाऱ्याला घेताना लाजायला नको. चुरींना ही रीत इतकी आवडत असे की त्यांनी स्वतः एकदा बैठकीत तिची स्तुती केली होती. त्या बैठकीतलं त्यांचं ते एकमेव वाक्य.

भिंतीवर आता फक्त 'संकीर्ण'ची बरणी उरली होती. ती भंगारवाल्यालाही नको होती.

"अगं, काढून म्हणजे चित्र काढून," चुरी म्हणाले.

"चितर? मी?" नवसी हातातला फडका तसाच धरून उभी राहिली. "मला वाटला तेजलताई येनार, म्हनून देऊन टाकता. म्हटला बरा झाला, खोली मोकली होईल."

"मला वाटलं, तुम्हा वारली लोकांत..."

"आमी वारली नाय. आमी मल्हार कोली."

चुरींनी रिकाम्या फळीकडे बघितलं.

"आमच्यात नाय काढत," नवसी म्हणाली. "आन् वारल्यांत काढतात ता पन लग्नाचा चौक काढतात. पकड नाय काढत कोन."

हे पुस्तकांत नव्हतं. तळटीपांतही नव्हतं.

हितेशभाईंना कळलं तसे ते धावत खाली आले. खरं तर इतक्या घाईनं आले की चुरींना भरून आलं. "काका, भंगारवाला घेऊन गेला असेल. सगळा माल बोईसरला जातो. लगेच जा." चुरी बोईसरला गेले. तिथे लोखंडाचे डोंगर होते. एका डोंगराच्या पायथ्याशी बसलेल्या माणसाला त्यांनी रंधा, पटाशी, करवत असं हातवारे करून सांगितलं. तो म्हणाला, "चाचा, यहाँ माल टन में आता है, नाम से नहीं आता." चुरी जायला वळले, पण एवढा वेळ बोलून काहीच न घेता निघणं त्यांना असभ्य वाटलं. "ये कितने का?" असं त्यांनी जवळच्या एका वस्तूकडे बोट करून विचारलं, केवळ निरोप घ्यायचा म्हणून. परतताना त्यांच्या मांडीवर दांडीच्या किनाऱ्याकडच्या कुठल्याशा होडीचा जुना नांगर होता. रिक्षावाल्याने आरशातून दोनदा पाहिलं. चुरी बाहेर बघत राहिले.

"आता पोलिसांत जा काका," घरी आल्यावर हिमानी म्हणाली. हितेशभाई म्हणाले, "अरे पोलीस कशाला, जुनं सामान हतं." पण हिमानीने चुरींना पोलीस चौकीपर्यंत आपल्या स्कूटरवर सोडलंसुद्धा. नाही म्हणायला चुरींना वेळच मिळाला नाही.

चौकीतला हवालदार निवडणुकीच्या बंदोबस्ताच्या कामात होता.

"काय गेलं?"

"माझी हत्यारं," चुरी म्हणाले.

हवालदाराने मान वर केली. "किती?"

"असतील पन्नासेक."

हवालदाराने पेन खाली ठेवलं. "पन्नास. परवाना आहे?"

"परवाना कशाला? काही तर माझ्या वडिलांची आहेत."

"आचारसंहिता लागलीय. हत्यारं जमा करायची असतात, माहीत नाही तुम्हाला? धारदार आहेत?"

"काही आहेत," चुरी प्रामाणिकपणे म्हणाले. "बाकीच्यांना धार लावायची राहून गेली. बायको गेल्यापासून मन लागलं नाही."

हवालदाराने त्यांना पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. मग उठला आणि त्याने त्यांना आधी बसायला खुर्ची दिली, अशी की जिच्यावरून पटकन उठता येऊ नये. करवत, रंधा, पटाशी असा एकेकाचा खुलासा होईपर्यंत चहाची वेळ टळून गेली. खुलासा झाल्यावर हवालदाराच्या चेहऱ्यावर सुटकेपेक्षा निराशाच जास्त दिसली. पण तक्रार एव्हाना लिहिली गेली होती. लिहिलेलं पुसता येत नाही म्हणाला. जागा बघायला यावं लागेल.

तो आला. सेक्रेटरीचा जबाब हवा म्हणून चुरींना घेऊन दुसऱ्या मजल्यावर गेला. हितेशभाईंची पत्नी रिद्धी हिने चहा ठेवला. हितेशभाई नेहमीपेक्षा जास्त बोलत होते. चुरींना दुसऱ्यांच्या घरी माणसांकडे बघवत नाही, ते वस्तूंकडे बघतात. तसे ते बघत होते, आणि त्यांना स्वयंपाकघराच्या ओट्यावर लोणच्याची बरणी दिसली. बरणीच्या झाकणावर, ते घट्ट बसावं म्हणून, त्यांचा रंधा ठेवला होता.

हितेशभाईंनी त्यांना बघताना बघितलं. रिद्धीने हितेशभाईंना बघितलं. हवालदार चहात बिस्कीट बुडवत होता.

चुरींनी आपला चहा संपवला. उतरताना पहिल्या मजल्यावर हिमानीचं दार उघडं होतं. तिच्या गळक्या नळाला त्यांची पक्कड आवळून बसवलेली होती. समोरच्या घरात काटकोन मापायच्या गुण्यावर कुणीतरी उदबत्तीचं घर टेकवलं होतं. आता त्यांना सगळं कळलं. कुणी काही चोरलं नव्हतं. सगळ्यांनी रीतीप्रमाणे उचललं होतं आणि बहुतेकांनी मनातल्या मनात आभारही मानले असतील; बाकीची भंगारवाल्याने नेली असं धरून आपल्याजवळचं एक सांगायची मात्र प्रत्येकाला लाज वाटली होती. त्या सरळ माणसांच्या दारात त्यांनीच पोलीस आणला होता.

जिन्याच्या शेवटच्या पायरीवर ते हवालदाराला म्हणाले, "सापडली."

"काय?"

"हत्यारं. इथेच होती. माझीच चूक."

"मग दाखवा."

"आत्ता नाही दाखवता येणार."

हवालदाराने उसासा टाकला. "काका, तक्रार बंद करायची तर माल बघितला असं लिहावं लागतं. रविवारी येतो. मांडून ठेवा."

त्यानंतर सोसायटीत भलतीच शांतता पसरली. हितेशभाई अंगणातून लांबचा वळसा घालून जाऊ लागले. हिमानी जिन्यात दिसली की तिला फोन येई. भिंतीवर कुणी काही ठेवेना, भिंतीवरून कुणी काही उचलेना. चुरींना वाटे, वर जावं आणि सरळ म्हणावं, माझं मला द्या. ते वाक्य ते अंघोळ करताना म्हणून बघत. पण 'द्या' म्हटलं की समोरचा चोर ठरतो आणि 'राहू दे' म्हटलं की आपण बडोद्याला जातो, यांच्या मधला शब्द त्यांना सापडेना. आयुष्यभर एवढी पुस्तकं हाताळून एक शब्द सापडू नये, याचं त्यांना फार वाईट वाटलं.

शेवटी ते फळीपुढे स्टूल घेऊन बसले आणि खडूने आठवणीतून एकेक हत्यार काढू लागले.  पक्कड खेकड्यासारखी झाली. करवतीचा अपेक्षेप्रमाणे सुरवंट झाला. रंधा मात्र बरा आला, तो त्यांनी मंदाच्या पाटासाठी फार वेळ हातात धरला होता. नवसी झाडू घेऊन आली, थांबली, म्हणाली, "बरा काढता की तुमी." चुरींनी खूप वर्षांत असं काही ऐकलं नव्हतं. ते खडू झटकत राहिले.

रविवारी तेजल आणि हवालदार फाटकातून जवळजवळ एकदमच आत आले. खोलीत स्वच्छ फरशी होती, एका तिरक्या फळीवर हत्यारांची चित्रं होती आणि कोपऱ्यात होडीचा नांगर होता. बाकी काही नव्हतं.

"बाबा, हे काय आहे?" तेजल म्हणाली.

"हत्यारं कुठायत?" हवालदार म्हणाला.

"लोकांनी नेलीत," चुरी म्हणाले. "वापरायला."

"परत कधी येणार?"

चुरींना आपल्या ग्रंथालयाचा अनुभव होता, म्हणून त्यांनी तारीख सांगितली नाही.

हवालदाराने फळीकडे बघितलं, नांगराकडे बघितलं, मग वहीत 'माल पाहिला' असं लिहून चुरींची सही घेतली. जाताना तेजलला बाजूला घेऊन दबक्या आवाजात, पण चुरींना ऐकू जाईल असं म्हणाला, "ताई, बाबांना एकटं ठेवू नका."

तेजलने कपाट उघडलं आणि बॅग काढली. तिचे डोळे भरले होते, त्यामुळे भांडायचीही सोय नव्हती. ती घड्या घालू लागली. स्वेटर, मफलर, रक्तदाबाच्या गोळ्या. चुरी दाराशी उभे राहून आपलं घर बॅगेत किती लवकर मावतं ते बघत होते.

तेवढ्यात हितेशभाई आले. हातात रंधा होता, वर्तमानपत्रात गुंडाळलेला, आणि त्याला मोहरीचा वास येत होता.

"काका," ते जमिनीकडे बघत म्हणाले, "आमचा मेन दरवाजा खाली घासतो. ही वस्तू कोणत्या बाजूने चालवतात?"

ही माफी होती हे चुरींना कळलं. ते म्हणाले, "द्या, बघतो," आणि वर गेले.

दार उतरवून त्यांनी आडवं घातलं आणि रंधा मारला. पहिल्याच फेरीत लाकडाची लांबलचक पातळ साल सुटून त्यांच्या मनगटावर गुंडाळली गेली. सागवानाचा वास आला. दोन वर्षांत नाकाला औषधांखेरीज काही कळलं नव्हतं. चुरींनी आणखी एक फेरी मारली. मग आणखी एक. रिद्धी म्हणाली, "काका, बस ने," पण ती चहाबद्दल बोलतेय असं त्यांना वाटलं. हिमानी पक्कड घेऊन जिन्यात उभी राहिली होती, ती म्हणाली, "झालं की माझ्याकडेही या काका, कपाटाचं दार लागत नाहीये." चुरींनी तिच्याही नावाने एक फेरी मारली.

दार बसवलं. ते आता कुठेच घासत नव्हतं. ते लागतही नव्हतं. खालून चांगली चार बोटं फट पडली होती, बसवताना बिजागऱ्या वर चढल्यामुळे कडी कोंड्याच्या वर हवेत राहत होती, आणि दार लोटलं की आपणहून पुन्हा उघडून घरात काय चाललंय ते जिन्याला दाखवत होतं.

तेजल बॅग घेऊन वर आली. "बाबा, चला. उशीर होतोय."

हितेशभाईंनी दाराकडे बघितलं. मग सेक्रेटरी या नात्याने घसा साफ केला. "तेजलबेन, काका आता कसे येणार? दरवाजा बंद होत नाय."

"दुसरा सुतार बोलवा ना."

"एकाने हात घातलेल्या कामाला दुसरा सुतार हात लावतो का? तुम्हीच सांगा. आमचं घर उघडं पडलं."

"पण किती दिवस लागतील?"

सगळ्यांनी चुरींकडे बघितलं. चुरींनी फटीकडे बघितलं. खालून पट्टी जोडावी लागेल. पट्टी आधी कापावी लागेल, म्हणजे करवत कुणाकडे आहे ते शोधावं लागेल. मग पट्टी तिरकी बसेल, म्हणून काढावी लागेल. मग पावसाळा येईल.

"सांगता येत नाही," ते म्हणाले.

हे ते अगदी खरं सांगत होते. हे दार आपल्या हातून नीट बसणार नाही याबद्दल त्यांच्या मनात जराही शंका नव्हती. स्वतःबद्दल इतकी पक्की खात्री त्यांना यापूर्वी कधी वाटली नव्हती. त्यांनी तेजलच्या हातातली बॅग घेतली, हलणारं दार थोपवायला त्याच्या पायाशी टेकवून ठेवली, आणि फट मोजायला गुडघ्यांवर बसले.